पाणी सोडणे

एप्रिलमध्ये जलाशय खाली उतरतो
आणि दरी पुन्हा दिसू लागते,
म्हणजे दरीचं जे उरलंय ते:
काळ्या बुंध्यांची रांग, कुंपणाची तार,
दोन्हीकडून कुठेच न जाणारा रस्त्याचा तुकडा,
आणि पिवळी माती, वारा सुटला की जी
थेट वरच्या गावात जाऊन
वाळत घातलेल्या चादरींवर बसते.

पोल्या चेर्नेन्कॉफ, वय एक्याऐंशी,
गमबूट चढवून दरवर्षी येते.
काठीनं दाखवते: इथे चूल.
इथे सफरचंदं, चौदा झाडं.
इथे टेबल, ज्यावर माझ्या बापानं सही केली.
त्यानं घरावर पाणी सोडलं,
मग कंपनीनं सोडलं.
तेव्हापासून ती कंपनीला पाण्यात पाहते,
आणि वर्षातले दोन महिने कोरड्यात.

आम्ही सहा जण. कंत्राट कंपनीचंच.
ज्यांनी बुडवलं त्यांच्या पैशानं
आम्ही लव्हाळे लावतो, बोटभर रोप, फुटाफुटावर,
मध्ये विलोच्या हिरव्या काठ्या
हातोड्यानं ठोकतो.
कागदावर याला भरपाई म्हणतात.
संध्याकाळी नाकातून पिवळं येतं.

मग डोंगरावरचं बर्फ वितळतं, खाली दरवाजे मिटतात
आणि पाणी काठावरून नाही, सगळीकडूनच वर येतं,
कुणी झोपेत पांघरूण ओढावं तसं.
लव्हाळ्यानं अकरा आठवडे श्वास धरायचा.
वाकून भागत नाही इथे.
पूर असता तर वाकला असता, पूर निघून जातो.
हे थांबलेलं पाणी आहे, याला कुठे जायचंच नाही.

गेल्या वर्षीची नऊशे रोपं वेंडल मोजतो.
वेंडल सिनाइक्स्ट.
त्याच्या माणसांना सरकारनं एकदा
कागदावर नामशेष ठरवलं होतं,
त्यामुळेच की काय, तो मेलेलं रोपही
दोनदा हलवून बघतो.
दोनशे बारा, तो म्हणाला.
मग परत गेला, आणि दोनशे चौदा.

मे महिन्यात, आम्ही मुद्दाम खणलेल्या खळग्यात
बेडकांची अंडी दिसली,
काळ्या मण्यांची लांबच लांब सर
गवताच्या काड्यांना गुंडाळलेली.
पाणी चढायला चार दिवस होते.
मी नियंत्रण कक्षात फोन लावला.
क्विलन नावाची बाई, आवाज दमलेला.
म्हटलं, जरा थांबवता येईल का?
काय थांबवू?
पाणी.
ती हसली, पण वाईट हसली नाही.
बघते, म्हणाली.

नऊ दिवस मिळाले.
नंतर त्यांचा हिशोबही आला,
न झालेल्या विजेचा,
दशांश चिन्हानंतर दोन आकडे.
वेंडलनं तो शेडच्या दारावर चिकटवला.
दहाव्या दिवशी मी गुडघाभर पाण्यात उभी होते.
सरी रिकाम्या होत्या, बहुतेक सगळ्या.
काळे ठिपके शेपट्या हलवत
हिशोबाबाहेर पांगले होते.

पोल्याला बेडकांचं काही नव्हतं.
तिची एकच अट होती, पहिल्या वर्षापासून:
चुलीवर काही लावायचं नाही.
आम्ही दोऱ्या बांधून तेवढी जागा सोडायचो,
चार पावलं बाय तीन पावलं, नुसती माती.

या एप्रिलला दोऱ्या सडलेल्या होत्या.
आणि चुलीच्या ऐन मधोमध एक लव्हाळा.
कुणी लावला नव्हता,
शेजारच्याची मुळी खालून सरकत आली होती.
मी म्हटलं, काढते.
ती रशियनमध्ये काहीतरी पुटपुटली,
शिवी की प्रार्थना, मला कधीच कळत नाही.
बराच वेळ उभी राहिली.
काठीचं टोक रोपाजवळ नेलं,
मातीत टेकवलं,
त्याच्या भोवतीनं पाय उचलून टाकला
आणि सफरचंदांकडे निघाली,
एकपासून मोजत.